पेशीचा पाठ आणि श्रद्धेची पुरवणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने गेल्या महिन्यात शाळेतून एक पातळशी पुस्तिका घरी आणली. विज्ञानाच्या तासाला ती पूरक वाचन म्हणून वाटण्यात आली असून, पेशी आणि आनुवंशिकता हे दोन विषय ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने समजावून देणे हा आपला हेतू असल्याचे तिच्या पहिल्याच पानावर छापले आहे. शाळेचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार शाळेविषयी नाही, पुस्तिकेतल्या तर्काविषयी आहे. चर्चने चालवलेल्या एका हायर सेकंडरीत मी स्वतः तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि मी हिंदू असूनही तिथे मला एक दिवसही परके वाटले नाही. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर पत्र कोणत्या बाजूचे याच शोधात अर्धे वाचक गुंततील.

पुस्तिकेचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पेशी हा इतका गुंतागुंतीचा कारखाना आहे की तो आपोआप उभा राहणे शक्य नाही, म्हणून निर्माता सिद्ध होतो. आणि ग्रेगोर मेंडेल या ख्रिस्ती साधूने गुणधर्म जसेच्या तसे पुढच्या पिढीत उतरतात हे दाखवून दिले असल्यामुळे, बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात म्हटल्याप्रमाणे सर्व जीव 'आपापल्या जातीप्रमाणे' निर्माण झाले हे खरे ठरते आणि उत्क्रांती खोटी ठरते. यातला मेंडेल खरा आहे, त्याचा मठही खरा आहे, पण त्याच्या तोंडी घातलेला निष्कर्ष त्याचा नाही.

मेंडेल १८४३ साली ब्र्युन (आजचे बर्नो) येथील ऑगस्टिनियन या कॅथलिक साधुसंघाच्या मठात दाखल झाला. शिक्षकाच्या परीक्षेत तो नापास झाला आणि तरीही अनेक वर्षे बदली शिक्षक म्हणून शाळेत शिकवत राहिला, हा तपशील आम्हा शिक्षकांचा विशेष लाडका आहे. १८५६ ते १८६३ या काळात त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० झाडे वाढवली आणि दाणे मोजले. दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हे गणित १८६५ साली त्याने स्थानिक निसर्ग-अभ्यास मंडळापुढे दोन बैठकांत मांडले आणि पुढच्या वर्षी ते छापून आले. त्या निबंधात बायबलमधले एकही वचन पुरावा म्हणून आलेले नाही. तो मनुष्य रोज प्रार्थना करत होता आणि पुढे त्याच मठाचा मठाधिपतीही झाला, पण दाणे मोजताना त्याने दाण्यांनाच बोलू दिले. डार्विनच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद त्याच्याकडे होता आणि त्या प्रतीत त्याने केलेल्या खुणा आजही पाहायला मिळतात. म्हणजे उत्क्रांतीचा विचार त्याने निदान काळजीपूर्वक वाचला होता. पुढे मेंडेलचे नियम आणि नैसर्गिक निवड यांची सांगड घालणाऱ्यांमध्ये रोनाल्ड फिशर हा अँग्लिकन होता, तर थिओडोसियस डोबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर १९९६ साली व्हॅटिकनच्या पोंटिफिकल विज्ञान अकादमीला लिहिलेल्या संदेशात उत्क्रांती ही आता केवळ एक कल्पना राहिलेली नाही अशा अर्थाचे स्पष्ट विधान केले. तेव्हा ही पुस्तिका ज्या श्रद्धेच्या नावाने बोलते, त्या श्रद्धेच्याच मोठ्या परंपरेला ती ओळखत नाही असे म्हणावे लागते.

एक गोष्ट मात्र पुस्तिकेच्या बाजूने बोलायला हवी. दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात जो धडा पूर्वी 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा होता, तो २०२३ पासून नुसता 'आनुवंशिकता' उरला आहे. गुणधर्म कसे उतरतात हे मुलांना शिकवायचे आणि ते बदलत कसे जातात हे बारावीपर्यंत राखून ठेवायचे, असा हा प्रकार आहे. बारावीला जीवशास्त्र न घेणारी मुले, म्हणजे बहुतेक मुले, त्या धड्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मोकळी जागा ठेवली की तिथे कोणीतरी येऊन बसणारच. ही पुस्तिका बसली एवढेच.

आता पेशीच्या कारखान्याविषयी. अकरावीच्या प्रॅक्टिकलला आम्ही कांदे पाण्याच्या बाटल्यांच्या तोंडावर ठेवायचो. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटली की सकाळी लवकर त्यांची टोके कापायची आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड व तीन भाग अल्कोहोल अशा मिश्रणात दिवसभर ठेवायची. मग सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये किंचित गरम करायची, अ‍ॅसिटोकार्मिन या रंगाचा थेंब टाकायचा, काच ठेवायची आणि टिपकागदावरून अंगठ्याने दाबायची. काच तडकली की वर्गात हशा पिकायचा. ज्याच्या स्लाइडवर गुणसूत्रे मधोमध रांगेत उभी असलेली पेशी सापडे, त्याच्या मायक्रोस्कोपपुढे सगळा वर्ग ओळ लावत असे. त्या मिश्रणाच्या बाटलीवर आमच्याकडे 'कार्नॉय' अशी चिठ्ठी होती, आणि हे कार्नॉय कोण असे कोणी विचारले की मी आनंदाने सांगत असे: बेल्जियममधल्या लूव्हेन येथील कॅथलिक धर्मगुरू, ज्यांनी १८८४ साली पेशी-जीवशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि पेशींचा अभ्यास हा शिकवण्याचा स्वतंत्र विषय केला. हाही ख्रिस्ती श्रद्धेचा संदर्भच झाला, आणि मला तो वर्गात सांगताना कधी संकोच वाटला नाही. पण त्यांचे मिश्रण हिंदू मुलाच्या हातून असो की मुसलमान मुलीच्या, तेच काम करते, आणि स्लाइडवर काय दिसावे हे धर्मगुरूंना ठरवता येत नाही.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, माणसाच्या पेशीत ४६. तरी कांद्याचा एकूण डीएनए माणसाच्या सुमारे पाचपट आहे. जितकी गुंतागुंत जास्त तितका निर्मात्याचा हात अधिक, असे मानले तर कांद्यापुढे आपण सगळ्यांनी मान तुकवायला हवी. निर्माता नाही असे यातून मला सुचवायचे नाही. तसे सुचवण्याचे सामर्थ्य कांद्यात नाही, आणि उलट सिद्ध करण्याचेही नाही.

'आपापल्या जातीप्रमाणे' या शब्दांवर थोडे थांबते. मूळ वचनात 'जात' म्हणजे प्रकार, पण गोव्यातल्या मुलाच्या कानावर हा शब्द पडला की त्याला दुसरेच काहीतरी आठवते, आणि तो मुलगा हिंदू आहे की कॅथलिक याने फारसा फरक पडत नाही, हे आपण सगळेच जाणतो. आनुवंशिकतेच्या तासाला एका मुलाने मला सरळ विचारले होते, "मॅडम, जात कुठल्या क्रोमोसोमवर असते?" वर्ग हसला, तो हसला नाही. कुठल्याच नाही, हे उत्तर मी दिले. त्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये मी हे सांगितल्यावर धर्मशिक्षणाचा तास घेणाऱ्या सिस्टर म्हणाल्या की उद्या त्यांच्या तासाला त्या हाच विषय घेणार. त्यांनी घेतलाही, सर्व माणसे एकाच प्रतिमेत घडली आहेत, या बाजूने. दोन तास, दोन वेगळे पुरावे, आणि मुलाच्या हाती आलेले उत्तर एकच. श्रद्धेचा दृष्टिकोन म्हणजे हे असेल तर त्याला माझा विरोध का असावा? घोळ होतो तो सिस्टरांच्या तासातले वाक्य माझ्या तासात पुरावा म्हणून उभे केले जाते तेव्हा. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण सक्तीचे करता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या कलमात आहेच. विज्ञानाच्या तासाला वाटलेली पुस्तिका ही संमती विचारत नाही, हेही शाळेने लक्षात घ्यावे.

पुस्तिका लिहिणाऱ्यांनी इतक्या दूरची उदाहरणे का शोधली, हे मला कळले नाही. जुन्या गोव्याच्या मोन्ते सांतो टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या बुरुजाचे अवशेष आहेत. मेंडेल ज्या संघाचा, त्याच संघाचा हा मठ. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ साली शिराझ येथे शाह अब्बासच्या हुकमाने, धर्मांतर नाकारल्याबद्दल, हाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग इथे आणला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात मिळालेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू-जीवशास्त्र संशोधन केंद्रात तपासणी झाली आणि निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. तपासला तो मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकातला, म्हणजे फक्त आईकडून उतरणारा डीएनए. त्याचा यू१बी हा गट भारतातल्या हजारो नमुन्यांत सापडला नव्हता आणि जॉर्जियात सापडतो. म्हणून जुन्या कागदपत्रांशी आणि उत्खननाशी मेळ घालून, हे हाड राणीचे असण्याची शक्यता मोठी आहे असे संशोधकांनी म्हटले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला, आणि तिथल्या भाविकांसाठी ते अवशेष संत केतेवानचे आहेत. प्रयोगशाळेने त्या हाडाची आई कोणत्या प्रदेशातली असावी एवढेच सांगितले. ते पवित्र आहे की नाही, हे तिला कोणी विचारले नाही आणि तिने सांगितलेही नाही. त्यामुळे भाविकांच्या नमस्कारात काही उणे पडले नाही. आनुवंशिकता आणि ख्रिस्ती श्रद्धा एकाच वेळी शिकवायची असेल तर याहून चांगला धडा मला सुचत नाही, आणि तो फोंड्याहून अर्ध्या तासावर आहे.

माझी विनंती एवढीच की पुस्तिकेतली कारखान्याची आणि मेंडेलची पाने शाळेने मागे घ्यावीत, किंवा तिचे वाचन धर्मशिक्षणाच्या तासाला हलवावे, आणि मुलांना एकदा त्या बुरुजापाशी न्यावे. स्लाइडच्या प्रॅक्टिकलला माणूस कमी पडत असेल तर मी यायला तयार आहे. कांदे मी आणीन. टाचणीने मुळे वेगळी करण्याइतके डोळे मात्र आता राहिलेले नाहीत, ते काम मुलांनी करायचे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, फोंडा