मावशी, तुम्ही उत्तर दिलं नाहीत त्याबद्दल

प्रिय मावशी,

सलाम.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही “आधी चहा घे” म्हणून विषय मोडता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमच्या नातीनं मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि तुम्ही “पुरे” म्हणालात तरी थांबू नये, एवढी तिला विनंती.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या तोंडाशी पाणी लागलं, तेव्हा सगळी गल्ली सामान माळ्यावर टाकत होती. माझी बायको कॉटवर बसून एकच विचारत होती, “उद्या बुधवार. माझ्या डायलिसिसचं काय?” सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. दीड वर्ष आमचं घर त्या तीन वारांवर चालत होतं. उद्यमनगरातलं माझं लेथचं कामही त्या वारांच्या मधल्या फटीत बसवलेलं होतं.

संध्याकाळी तुम्ही गुडघाभर पाण्यातून आलात. आपली ओळख रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर हात जोडण्यापुरतीच होती. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या, सारा जन्म नर्सचं काम करून घरी बसलेल्या तुम्ही. “राजारामपुरीत पाणी येत नाही. चला,” एवढंच बोललात. बायकोची फाइल तेवढी छातीशी धरलीत आणि पुढं निघालात. तुमच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं नऊ दिवस राहिलो.

ते नऊ दिवस ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पाण्याची उपसा केंद्रं बुडालेली, त्यामुळं नळ कोरडे. शिरोलीजवळ महामार्ग बंद, सांगली-मिरजेचा रस्ता बंद. एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी मशीनमधून जातं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. निम्मं शहर पाण्याखाली होतं आणि माझ्या बायकोचं रक्त धुवायला पाणी नव्हतं. टँकर आला की पेशंटांना फोन जायचा, चार तासांऐवजी अडीच तास मिळायचे, आणि पुढची पाळी कधी ते कुणीच सांगू शकायचं नाही.

तुम्ही काय केलंत ते मी आज लिहून ठेवतो, कारण तुम्ही ते विसरलाही असाल. एका बाटलीवर निळ्या पेननं रेघा मारल्यात. दिवसाला पाऊण लिटर, चहा-औषध सगळं धरून. मदतीच्या पिशवीत केळी आली, शहाळी आली. देणाऱ्याचे हात जोडून आभार मानलेत आणि ती फळं शेजारच्या पोरांना वाटलीत. किडनी गेलेल्या माणसाच्या अंगात पोटॅशियम साठलं तर हृदय बंद पडतं, हे माझ्या लेकीला तुम्ही समजावून सांगितलंत. ती तेव्हा नववीत होती. कुठल्या गावाहून आल्या कळलं नाही, पण कापडात बांधलेल्या भाकरी आणि चटणी आली, तेव्हा तुम्ही चटणी काढून घेतलीत आणि भाकरीचा पापुद्रा बायकोला भरवलात. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे” हे लहानपणापासून म्हणत आलो. ती भाकर अशी कुणाच्या तरी चुलीवरून, नाव-गाव न सांगता येते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि सकाळी उठल्याबरोबर तिच्या डाव्या हातावर, फिस्टुलावर (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर), तुम्ही दोन बोटं ठेवायचात. शीर चालू असली की बोटाखाली मांजरानं गुरगुरावं तसं लागतं. तुम्ही त्याला ‘थ्रिल’ म्हणायचात. गुरगुर लागली की बोटं तिथंच ठेवून प्रार्थना. “बापा, ही शीर आज चालू ठेव. टँकर येऊ दे. सिस्टरांना झोप मिळाली नाही, त्यांचे हात स्थिर ठेव. आमेन.” एवढीच. आमच्याकडं एरवी प्रार्थना सुरू झाली की ती आदामापासून निघते. तुमची प्रार्थना टँकरपाशी थांबायची, आणि म्हणूनच मला ती खरी वाटायची.

सहावी रात्र. दोन पाळ्यांत चार दिवसांची फट पडली होती, आणि तिला तहान सहन होईना. वीज नव्हती. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता आणि ती त्या आवाजानं रडत होती. मी बाटली उचललीसुद्धा होती. तुम्ही माझ्या हातातून ती काढून घेतलीत, गॉज ओला करून तिच्या ओठांवर धरलात. मग म्हणालात, “बाई, प्रभूनंही वधस्तंभावर पाणीच मागितलं होतं. ‘मला तहान लागली आहे.’ त्यालाही स्पंजच लावला ओठाला, तोसुद्धा आंबेचा, आंबट द्राक्षारसाचा.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्याला ठाऊक आहे.” तुम्ही म्हणालात, “ठाऊक आहे.” पुढं एक शब्द नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली ती ओळ मी दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) ऐकत आलो होतो. वधस्तंभावरच्या सात वचनांतलं ते पाचवं, सर्वांत छोट्या प्रवचनाचं. त्या रात्री कळलं की माझ्या बायकोसाठी सगळ्या शास्त्रात तेवढी एकच ओळ उरली होती आणि तेवढी तिला पुरली.

पूर ओसरला. २०२० च्या फेब्रुवारीत, एका सोमवारी पहाटे, डायलिसिसला निघायच्या दोन तास आधी ती गेली. शनिवार-रविवारच्या मोठ्या खंडानंतरची पहाट अशा पेशंटांना जड असते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

लोक भेटायला आले. प्रेमानंच आले, हे मी कबूल करतो. पण बोलले. “देवाची इच्छा.” “सुटली बिचारी.” “देव आपल्या लाडक्यांना लवकर नेतो.” एका पाहुण्या प्रवचनकारानं तर ती असतानाच सांगितलं होतं की औषधांवरचा भरवसा सोडा, पूर्ण विश्वासानं मागा, आता तेच निरोप पाठवत होते की विश्वास कुठंतरी कमी पडला असणार. हे वाक्य माझ्या लेकीनं ऐकलं. आपण मनापासून मागितलं नाही म्हणून आई गेली, असं त्या पोरीला कित्येक महिने वाटत होतं. मला आजही सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. दुःखात असलेल्या माणसाला तुझाच विश्वास उणा म्हणणं हे ख्रिस्ताचं बोलणं नव्हे. गेथशेमाने बागेत खुद्द पुत्रानं तीनदा मागितलं आणि प्याला टळला नाही. तिथं कुणाचा विश्वास उणा होता?

तुम्ही आलात आणि जमिनीवर बसलात. पाच दिवस रोज आलात, भांडी घासलीत, लेकीची वेणी घातलीत. “का” याचं उत्तर दिलं नाहीत. पुष्कळ दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणालात, “ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसले, तोवर ते चांगलेच होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. मी आपली सातव्या दिवसावरच थांबते.”

मी चर्चला येणं बंद केलं. प्रार्थना तर जमेचना. “आमच्या स्वर्गातील पित्या” म्हटलं की घसा आवळायचा, आणि आवळायचा तो दुःखानं नव्हे, रागानं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, दारं बंद झाली, आणि तुमचा फोन सुरू झाला. रात्री नऊला. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, “मावशी, मला प्रार्थना नको. माझा विश्वास उरलेला नाही.” तुम्ही जे म्हणालात ते मी जसंच्या तसं लिहितो:

“नसू दे की. कफर्णहूमला चौघांनी त्या पक्षघाती माणसाला छप्पर उस्तरून खाली सोडला, तेव्हा प्रभूनं त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय. बाजेवरचा काय म्हणत होता ते लिहिलेलंच नाही. कदाचित मला घरी न्या म्हणत असेल. तू पड बाजेवर. आम्ही धरलीय. फक्त फोन ठेवू नकोस.”

मी फोन ठेवला नाही. जवळजवळ पाच महिने तुम्ही रोज बोललात आणि मी गप्प राहिलो. तुम्ही उद्यमनगर कधी उघडणार म्हणून विनवलंत, लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी, माझ्या बीपीसाठी मागितलंत, आणि माझ्या रागासाठीही. “बापा, याचा राग तुझ्यावर आहे, तो तूच घे, पोरीवर काढू देऊ नकोस.” त्या वेळी मला ते लागलं, कारण मी तो पोरीवरच काढत होतो. एका रात्री आनंदाची स्तोत्रं वाचू नका म्हणालो, तर तुम्ही ८८ वं काढलंत. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठंही उजेड होत नाही. तुम्हीही तिथंच थांबलात, वर काही जोडलं नाहीत. असलं स्तोत्रही शास्त्रात ठेवलंय आणि शेकडो वर्षं देवापुढं म्हटलं जातंय, याचा मला जो धीर आला तो कुठल्याच सांत्वनानं आला नव्हता.

पहिल्यांदा “आमेन” कधी म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मला तारीख आठवत नाही. तुम्ही पलीकडं काही क्षण गप्प झालात आणि मग म्हणालात, “उद्या नऊला.”

आजही माझ्याकडं तिच्या जाण्याचं उत्तर नाही, आणि मी ते आता मागतही नाही. चर्चमध्ये तिच्या जागेवर लेक बसते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा गल्लीत आलं, तेव्हा शेजारच्या काकांना पाठकुळी घेऊन बाहेर काढताना माझ्या तोंडून आपोआप प्रार्थना निघाली. फार छोटी होती. “बापा, पाय घसरू देऊ नकोस.” लेक आता नर्सिंगला आहे. पहिल्या वर्षी तिला एका आजींच्या फिस्टुलावर बोट ठेवायला सांगितलं, तर तिथंच रडू आलं म्हणाली. मग डोळे पुसून गुरगुर मोजली.

आता सुरुवातीला न सांगितलेलं कारण. तुम्ही न्हाणीघरात पडलात, खुब्याचं ऑपरेशन झालं, मुलानं तुम्हाला पुण्याला नेलं. परवा सूनबाईंचा फोन आला. म्हणाल्या, आई दिवसभर भिंतीकडं तोंड करून असतात, शास्त्र उघडत नाहीत, प्रार्थना करा म्हटलं की “येत नाही” म्हणतात. तुमच्याबद्दल हे ऐकताना मला विचित्र वाटलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बाजेचा कोपरा धरलेलं माणूस दमणारच.

मावशी, तुम्ही पडून राहा. कुणी विश्वासाचं काही सांगायला आलं तर झोपल्याचं सोंग घ्या. आमची चौघांची जमवाजमव झालीय: मी, माझी लेक, शाहूपुरीतले ते काका (ते आपल्या मंडळीचे नाहीत, पण यायचं म्हणतात), आणि तुमची सूनबाई. निळ्या रेघांची बाटली अजून माझ्याकडंच आहे, ती घेऊन पुढच्या शनिवारी पुण्याला येतोय.

तोवर आज रात्री नऊला फोन करतो. तुम्ही बोलायचं नाही. फक्त ठेवू नका.

तुमचा,
कुंभार गल्लीतला लेथवाला