चाळीस मिनिटं नुसते बसलात, त्याबद्दल

प्रिय दादा,

नाव कुठं लिहू नका असं तुम्ही जाताना दारातच बजावलंत, म्हणून नुसतं दादा. वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे, तरी दादाच म्हणते. मंगळवारी रात्री तुम्ही निघालात तेव्हा मी धड आभारही मानले नाहीत. घसा भरून आला होता, शब्दच फुटेना. आज दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म (छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म) छापखान्यात गेला, आणि मी आधी हे पत्र लिहायला बसले. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

गेली २२ वर्षं मी अक्षरजुळणी करते. आधी दुसऱ्याच्या डीटीपी सेंटरवर, आता साताऱ्यात घरीच. लग्नपत्रिका, प्रबंध, संस्थांचे अहवाल, आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक. यंदाचा अंक १७६ पानांचा, म्हणजे अकरा फॉर्म. घरात हेच एक मोठं काम असतं, त्यावर पुढचे तीन महिने निघतात. आणि नेमकं जूनपासून माझ्या लॅपटॉपनं असहकार पुकारलेला.

तुम्ही ते बघितलंतच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. ‘ज्ञानेश्वर’ टाइप करायला घेतलं की ‘ज्ञ’ पडद्यावर उमटेपर्यंत माझी बोटं ‘र’वर पोचलेली असायची. मग सगळी अक्षरं एकदम भसाभस यायची, त्यात एखादा काना गळालेला. पंखा असा घोंघावायचा की आतल्या खोलीत झोपलेले हे उठून विचारायचे, ‘अजून किती वेळ?’ कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर हात ठेववत नव्हता. आणि हे सगळं सुरू व्हायचं अर्ध्यापाऊण तासानं. सकाळी लॅपटॉप उघडला की पहिली आठ-दहा पानं एकदम सुरळीत.

हेच मी चार ठिकाणी सांगितलं. पहिल्या दुकानात पूर्ण ऐकायच्या आधीच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाले. १,२०० रुपये घेतले, जमवलेले फॉन्ट आणि लेखकांच्या नावांचा माझा शब्दसंग्रह गेला, आणि तिसऱ्या दिवशी पंखा पुन्हा सुरू. दुसऱ्यानं लॅपटॉप उघडला, सीपीयू, म्हणजे सगळं काम करणारा प्रोसेसर, किती गुंतलाय ते पाच मिनिटं बघितलं, म्हणाला, ‘चालतोय की. सीपीयू २५ टक्के दिसतोय, २५ म्हणजे काहीच नाही.’ तिसऱ्यानं फोनवरूनच निदान केलं: ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ६० टक्के खाते आहे, व्हायरस आहे, तिला बंद करा. ती काही बंद होईना. चौथ्यानं जे सांगितलं ते अजून टोचतं. तो म्हणाला, ‘काकू, या वयात असं वाटतंच. हळू टाइप करा.’

दादा, मला खरंच वाटायला लागलं होतं की बोटं माझीच अडखळत असतील. रात्री मी कागदावर लिहून बघायचे, हात थरथरतो का म्हणून.

मग पुतण्यानं तुम्हाला पाठवलं. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतली ड्यूटी संपवून तुम्ही आलात, मी लॅपटॉप सुरू केला, आणि तो अगदी गुणी बाळासारखा वागायला लागला. अक्षरं बोटांबरोबर पडत होती. मी टाइप करत होते आणि माझे कान तापले होते. आता हाही माणूस तेच म्हणणार, असं मनात धरूनच मी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही म्हणालात, ‘काकू, तुम्ही म्हणताय म्हणजे होतच असणार. थांबू की. तुम्ही तुमचं काम करत राहा.’

आणि खुर्ची ओढून बाजूला बसलात. मोबाइल उलटा करून माझ्या प्रुफांच्या गठ्ठ्यावर ठेवलात, हात मांडीवर घेतलेत. माउसला बोट लावलं नाहीत. मी एका कथेची पानं लावत होते, तुम्ही मधूनच पडद्याकडे, मधूनच पंख्याच्या आवाजाकडे कान देत होतात. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं झाली, आणि ‘पुन्हा’ हा शब्द मी टाइप केला तेव्हा ‘पु’ यायला वेळ लागला. तुम्ही ताडकन पुढं सरकलात. ‘आलं,’ म्हणालात. मला त्या क्षणी रडू आलं ते तुम्ही बघितलं असेल, नसेल. दुरुस्ती अजून व्हायचीच होती. पण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी ते दिसलं होतं.

पुढं तुम्ही काय काय केलंत ते सगळं मला सांगता येणार नाही, पण समजावून सांगितलंत ते लक्षात आहे. ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ म्हणजे प्रोसेसर किती रिकामा आहे त्याचा आकडा. तो मोठा असणं चांगलंच, त्याला बंद करायचं नसतं. माझा प्रोसेसर चार कोरचा, म्हणजे आत काम करणारे चार भाग, म्हणून एखादा प्रोग्राम एक अख्खा कोर अडवून बसला की आकडा २५च्या आसपास दिसतो. दुकानदाराला जे ‘काहीच नाही’ वाटलं, ते म्हणजे चारातला एक गडी दिवसरात्र जुंपलेला. त्यानं लॅपटॉप तापत जातो, आणि ठरावीक तापमानाच्या वर गेला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. मग सगळंच मंदावतं. तापायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्धा तास बरा जायचा. पाच मिनिटं बघणाऱ्याला ते दिसणारच नव्हतं, दादा. बसणाऱ्यालाच दिसणार होतं.

टास्क मॅनेजरमध्ये चालू प्रोग्रामची यादी दिसते, तिच्यात सगळ्यात वर नाव होतं ‘डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट’. मी म्हटलं, हाच ना चोर? तुम्ही म्हणालात, ‘नाही काकू, हा खिडकीवरचा कारकून आहे. बाकीचे प्रोग्राम येऊन मशीनची खबर विचारतात, हा उत्तरं देतो. उत्तर देणारा दमलाय. विचारणारा कोण ते बघू.’ इव्हेंट व्ह्यूअर ही लॅपटॉपची स्वतःची नोंदवही, तिच्यात ओळीमागून ओळ विचारणाऱ्या प्रोग्रामचा एकच क्रमांक होता, तो टास्क मॅनेजरच्या यादीत जुळवलात, आणि निघाला कोण, तर मी गेल्या वर्षी भंगारात दिलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम. प्रिंटर घरात नाही, आणि हा मागं बसून सारखा विचारतोय, प्रिंटर आहे का, प्रिंटर आहे का. पहिल्या दुकानात फॉरमॅट केल्यावर माझ्या पेनड्राइव्हवरचं सगळं जसंच्या तसं परत टाकून दिलं होतं, त्यात तोही परत आला. प्रिंटर अजून वापरता का, एवढं एक वाक्य विचारलं असतं तर माझा शब्दसंग्रह वाचला असता आणि जून ते सप्टेंबर असे चार महिनेही.

तुम्ही तो एक प्रोग्राम काढलात, बाकी कशालाही हात लावला नाहीत. दहा मिनिटांत पंखा शांत झाला. इतका, की स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

ज्या ‘प्रोसेस एक्सप्लोरर’मध्ये तुम्ही मला ती रंगीत यादी दाखवलीत, तो कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो हेही तुमच्याकडूनच कळलं. मार्क रुसिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९६ मध्ये असली अवजारं लोकांना द्यायला सुरुवात केली, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते सगळं विकत घेतलं, तरी अवजारं फुकटच राहिली. आपल्याला सापडलेली वाट दुसऱ्यासाठी उघडी ठेवणारी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात एक नर्सबाई रोज पलंगाजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि मगच विचारायच्या, ‘आज कुठं दुखतंय?’ औषधं तीच, डॉक्टर तेच. पण आई त्यांचीच वाट बघायची. मंगळवारी तुम्ही खुर्ची ओढलीत तेव्हा मला त्या आठवल्या.

पैसे घेतले नाहीत. साडेआठची बसही माझ्यापायी चुकली, ते मला पुतण्याकडून कळलं, तुम्ही बोललाही नाहीत.

दुकानवाल्यांवर माझा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. येत नसेल तर येत नाही म्हणावं. गिऱ्हाइकाच्या वयावर ढकलू नये. त्या एका वाक्यानं मी दोन लेखकांची कामं परत केली होती, झेपणार नाही म्हणून. परवा दोघांनाही फोन केला. एकाची कादंबरी मला परत मिळाली आहे, ३१२ पानं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, वरच्या ‘सीपीयू’ शब्दावर क्लिक करून यादी बघायची, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. काल शेजारच्या मुलीचा लॅपटॉप असाच तापत होता. मी तिला म्हटलं, आण इकडं, बसू जरा.

अंकाची पहिली प्रत आली की तुमच्यासाठी बाजूला काढणार आहे. पान ९४ वर ती कथा आहे, ‘पुन्हा’ तिसऱ्या ओळीत. प्रयोगशाळेत आणून देऊ की रविवारी घरी याल? आलात तर जेवायलाच या, आणि बसची वेळ मला आधी सांगा.

तुमची,
काकू