शिळ्या कढीची पैज

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. ‘कुठल्याही गेमचा दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत’, हे तू नेहमीच्या ऐटीत लिहिलंयस. एरवी मीही मान डोलावली असती. पण गेला आठवडाभर ‘पोर्टल २’ घेऊन बसलोय, त्यामुळे हे पत्र भांडायला लिहितोय.

पहिला ‘पोर्टल’ (२००७) आपण आलटूनपालटून खेळलो होतो, आठवतं? एका भिंतीवर निळं भोक, म्हणजे पोर्टल, दुसरीवर नारिंगी; एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं. उंचावरून खालच्या भोकात उडी टाकली की तेवढ्याच वेगाने समोरच्या भिंतीतून बाहेर! त्या कल्पनेत खोट काढायला जागाच नव्हती. पण ते ऊर्जेचे गोळे आठव. टणाटण आपटत फिरणारा गोळा खोबणीपर्यंत पोचवायचा. उशीर झाला की तो विरून जायचा, अंगाला लागला तर आपणच खलास. कोडं डोक्यात कधीच सुटलेलं असायचं आणि तू पुढच्या गोळ्याची वाट बघत शिव्या घालत बसायचास.

२०११च्या दुसऱ्या भागात व्हॉल्व्हने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, तो गोळाच काढून टाकला. त्याच्या जागी लेझर. किरण सलग असतो, त्यामुळे पोर्टल लावलं की त्याच क्षणी कळतं, जमलं की फसलं. भिंग बसवलेला एक ठोकळा मिळतो. तो हातात धरून वळलास की किरणही वळतो. मी एका खोलीत नुसता तो ठोकळा फिरवत बसलो होतो, काम नसताना. बोटांची चपळाई गेली, विचार तेवढा राहिला. माझ्या मते दुसऱ्या भागाची खरी कमाई हीच.

नवीनही बरंच आहे म्हणा. रंगासारखं फासायचं चिकट जेल आहे: निळ्यावर उसळायचं, नारिंगीवर सुसाट धावायचं, पांढरं फासलं की नको त्या भिंतीवरही पोर्टल लागतं. गंमत म्हणजे ही जेलची कल्पना विद्यार्थ्यांच्या एका गेममधली. पहिल्या भागाचं बीजही डिजिपेन या गेम शिकवणाऱ्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ या गेममध्ये होतं. दोन्ही वेळा व्हॉल्व्हने त्या पोरांनाच कामावर घेतलं! आणि आपली ग्लॅडॉस, ती छळवादी कॉम्प्युटरबाई? तिला इथे काही काळ चक्क एका बटाट्यावर दिवस काढावे लागतात. तिचे टोमणे त्यामुळे जास्तच धारदार झालेत.

सगळंच गोड नाही. जमिनीखालच्या जुन्या प्रयोगशाळेत पोर्टल लागेल असा पांढरा तुकडा शोधताना डोळे दुखले. तिथे कोडं सोडवण्यापेक्षा हुडकणंच जास्त. दर थोड्या वेळाने येणारं लोडिंगही वैताग आणतं.

पण दोघांनी खेळायचा वेगळा भाग आहे, अरे! दोन रोबो, प्रत्येकाची दोन, म्हणजे एकूण चार पोर्टलं. भाच्याबरोबर थोडा खेळून बघितला. त्याच्या पोर्टलमधून आलेल्या प्रकाशाच्या पुलावरून मी निघालो, खाली विषारी पाणी, आणि या पठ्ठ्याने ऐन मध्यावर पोर्टल हलवलं. पूल गायब, मी खाली. माझा रोबो पुन्हा जुळून येईपर्यंत त्याचा नाचत होता.

पुढचा भाग तुझ्यासाठी राखून ठेवलाय. तोवर एकट्याचा संपव. शेवट सांगत नाही. फक्त पांढरं जेल कशापासून बनतं ते गेममधल्या प्रयोगशाळेचा मालक केव्ह जॉन्सन सांगत असतो, तेव्हा कान उघडे ठेव. आणि येत्या शनिवारी रात्री मोकळा आहेस का, ते कळव.

तुझा,
अभ्या