अर्ध्या तासात विंडोज काढा म्हणे!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

काल तुमच्या पेपरात नवीन लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकायचा जो लेख आला तो दोनदा वाचला, एकदा चहा पिताना आणि एकदा डोकं फिरल्यावर. ‘अवघ्या अर्ध्या तासात’ असं वर ठळक छापलंय. साहेब, लग्नाला किती वेळ लागतो असं विचारल्यावर फक्त अक्षता टाकायचा वेळ मोजून सांगावा तसलं आहे हे.

लेख खोटा आहे असं मी म्हणत नाही, लिहिणाऱ्याला त्यातलं कळतं हे दिसतंच. पण त्यानं हे काम स्वतः खोका फोडलेल्या मशीनवर केलंय, दुकानदारानं ‘चालू करून’ दिलेल्या मशीनवर नाही, हेही दिसतं. आमच्याकडं लॅपटॉप दुसऱ्या पद्धतीनंच मिळतो.

मी अंबाजोगाईत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, बारा-तेरा वर्षं झाली, त्यामुळं अगदीच अडाणी नाही. पोरीचं इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालं म्हणून ऑगस्टमध्ये लातूरहून नवा लॅपटॉप आणला, गेल्या सालच्या सोयाबीनचे राखून ठेवलेले पैसे होते. दुकानातल्या पोरानं आमच्यासमोर खोका फोडला, नेट जोडलं आणि सुरू झाला, नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. ईमेल मागितला तेव्हा पोरगी तिचा सांगायली होती तर हा म्हणला, "राहू द्या ताई, ओटीपीची भानगड नको," आणि दुकानाचाच ईमेल ठोकून दिला. पिन एक दोन तीन चार. वर अँटीव्हायरसचे साडेतीनशे घेतले ते वेगळे. मी पण तिथंच उभा होतो, मला पण त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी घरी आली ती डोक्यात उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घेऊनच. कॉलेजच्या लॅबमध्ये तेच आहे म्हणे. मी म्हणलं टाक, तुझं मशीन आहे. फाइल सहा जीबीच्या घरात, ती दुकानातल्या नेटवर रात्री डाउनलोडला लावली, मधे लाइट गेली, परत लावली. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह तयार केला. मग व्हिडिओत होतं तसं एफ टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये गेली आणि सिक्युअर बूट (सही केलेली सिस्टीमच चालू होऊ देणारा पहारा) बंद केलं. तुमच्या लेखातही हीच पायरी तिसऱ्या नंबरला आहे आणि ‘आपल्या फायली दुसरीकडे कॉपी करून घ्या’ ही पायरी पाचव्या नंबरला! म्हणजे आधी दाराचं कुलूप बदला आणि मग घरातलं सामान बाहेर काढा.

तर तसंच झालं. सिक्युअर बूट बंद केल्यावर तिला आठवलं की जर्नल आणि प्रोजेक्टच्या फायली आतच आहेत. विंडोज परत चालू केलं तर निळी स्क्रीन, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) रिकव्हरी की टाका. किती आकडे? ४८. कुठं मिळेल? मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये. कुणाच्या? तर लातूरच्या दुकानाच्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण लेखात यातलं अवाक्षर नाही. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर साध्या होमवाल्या बऱ्याच नव्या मशीनवर सुद्धा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तुम्ही काही दाबलेलं नसलं तरी. किल्ली जाते त्याच्या अकाउंटमध्ये ज्यानं पहिल्यांदा लॉगिन केलं. एरवी काही कळत नाही, कारण आत टीपीएम नावाची चिप असते ती सगळं जागच्या जागी दिसलं की किल्ली आपली आपण लावते. बूटची सेटिंग हलवली की तिला वाटतं चोर आला. चोरासाठी चांगलीच सोय आहे, पण इथं चोर कोण, तर ज्याच्या नावावर पावती आहे तो.

दुकानात फोन लावला. "ते अकाउंट बनवणारा पोरगा पुण्याला गेला काका, या तुम्ही एकदा." पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं साठेक किलोमीटर गेलो, रेणापूर फाट्यावर गाडी वीस मिनिटं उभी. मालक भला माणूस, चहा पाजला, पासवर्ड कुठल्या तरी वहीच्या शेवटच्या पानावर सापडला. अकाउंट उघडलं आणि साहेब, मी बघतच राहिलो. डेस्कटॉप अमुक, डेस्कटॉप तमुक अशी तीस-पस्तीस मशीनची यादी, प्रत्येकापुढं ४८ आकड्यांची किल्ली. म्हणजे तेवढ्या घरांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला लटकवलेल्या आणि खिळा दुकानाचा. वनड्राइव्ह, म्हणजे त्याच अकाउंटचं नेटवरचं कपाट, उघडलं तर त्यात कुणाचा सातबारा, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र, कुणाच्या हळदीचे फोटो. फुकटची पाच जीबी भरली म्हणून तिथंच थांबलं होतं, नाहीतर अजून काय काय येऊन पडलं असतं. आमच्या पोरीचा आधार आणि बारावीचा मार्कमेमोही त्यातच. मी फॉर्मवाला माणूस, लोकांचे कागद रोज हाताखालून जातात, पण संध्याकाळी डिलीट करायची एवढी लाज मी पाळतो. मालकाला म्हणलं हे काय आहे, तर म्हणतो, "आम्हाला कुठं बघायला टाइम आहे?"

निळ्या स्क्रीनवर की आयडी म्हणून जे दिसतं त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून आमची किल्ली शोधली आणि पावतीच्या मागं सहा-सहा आकड्यांचे आठ गट लिहून घेतले. दोनदा ताडून बघितले. खिशात पावती अशी जपून आणली जशी आडतीवरची पट्टी. घरी आलो तर पोरगी चुरमुऱ्यांचा सुशीला खात बसली होती आणि समोर लॅपटॉप चालू! "पप्पा, सीनिअरला विचारलं, तो म्हणला सिक्युअर बूट परत ऑन कर. केलं की उघडलं." मी पावती काढून टेबलावर ठेवली. ती हसायली, तिची आई पण हसायली. मी जेवलो नाही त्या रात्री, खरं तर बाहेर खाऊन आलो होतो पण त्यांना तसं सांगितलं नाही.

पुढचं सोपं होतं. फायली माझ्या हार्डडिस्कवर घेतल्या, सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे तेच आपोआप लागलेलं कुलूप, बंद केलं, आणि सिक्युअर बूट चालूच ठेवून उबुंटू टाकलं. हो, चालूच ठेवून! उबुंटूचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सही केलेला असतो, तो सिक्युअर बूटला चालतो. मग तुमच्या लेखात ते बंद करायची सक्ती कशाला? पंचवीस मिनिटं लागली, म्हणजे अर्धा तास ही गोष्ट खरी, अक्षतांपुरती. बोटाचा ठसा तेवढा चालत नाही, पासवर्ड टाइप करावा लागतो, तिचं म्हणणं काही अडत नाही.

विंडोज नको असेल तर त्याचे पैसे परत मागा म्हणून लेखात १९९९ सालच्या फेब्रुवारीतली अमेरिकेतली विंडोज रिफंड डेची गोष्ट दिली आहे. वाचायला छान आहे. मी त्याच दुकानात विचारलं होतं, विंडोज नको असेल तर किती कमी होतात, तर मालकासकट गिऱ्हाईकं हसली. विंडोज नसलेला, डॉसवाला लॅपटॉप मागितला तर "तसला माल ठेवत नाही." त्यापेक्षा उपयोगाचं एक सांगायचं राहिलं. विंडोज ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, तयार विंडोजसकट येणाऱ्या लॅपटॉपच्या विंडोजची लायसन्सची किल्ली (ती ४८ आकडी नव्हे) बोर्डावरच्या चिपमध्येच असते. उद्या उबुंटू नाही रुचलं तर तीच विंडोजची आवृत्ती परत टाका, आपोआप ॲक्टिव्हेट होते. ही भीती गेली तर अर्धे लोक करून बघतील.

आणि लेखातलं ते ‘डिजिटल स्वातंत्र्य’. मी स्वतः दुकानात विंडोजच वापरतो, उगाच शहाणपणा नको. डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं मशीन, जुना लेझर प्रिंटर, वरून वकिलांच्या जुन्या फॉन्टातल्या शपथपत्रांच्या हजारभर फायली, हे सगळं लिनक्सवर बसवायचं तर दुकान आठवडाभर बंद ठेवावं लागेल आणि तहसीलचं गिऱ्हाईक समोरच्याकडं जाईल. लिनक्स वापरणाऱ्या केरळच्या शाळांचं उदाहरण दिलंय, तिथं आधी मास्तरांना शिकवलं. इथं एमएस-सीआयटीला अजून विंडोजच घोकतोय. बाकी देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला, तेव्हा उशिरा स्वातंत्र्याची मराठवाड्याला सवय आहे, घाई तुम्हालाच दिसते.

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या भागात सगळ्यात वर हे छापा, की मशीन कुणाच्या ईमेलवर चालू आहे ते आधी सेटिंगमध्ये जाऊन बघा, दुकानाचा निघाला तर आधी तो काढा, आपला टाका, किल्ली कागदावर उतरवा, फायली बाहेर काढा, मग बायोसला हात लावा. हे लिनक्स टाकणाऱ्यालाच नाही, विंडोज ठेवणाऱ्यालाही लागू आहे.

जाता जाता. लेखाच्या चौकटीत ज्या कमांड छापल्यात त्यांचा तुमच्याकडं छापताना फॉन्ट बदललाय, इंग्रजी अक्षरांच्या जागी काना-मात्रा-वेलांट्यांचा नुसता चिवडा आलाय. तीन गिऱ्हाईकं कालपासून ते कात्रण घेऊन माझ्याकडं आली, हे टाइप करून द्या म्हणून. आणि पुढचा भाग रविवारच्या पुरवणीत येणार असं खाली लिहिलंय, तर साहेब, आमच्या गल्लीत तीन आठवडे झाले रविवारी पुरवणीच येत नाही. पेपर टाकणारा पोरगा म्हणतो एजंटकडूनच कमी येतात, एजंट म्हणतो वरून. पुरवणीचे पैसे मात्र बिलात बरोबर लागतात, ते तेवढं बघा.

आपला,
एक वाचक (तहसीलसमोरचा फॉर्मवाला)
अंबाजोगाई, जि. बीड