सूर्योदयाची ती चौकट परत छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात आतल्या पानावर तळाशी एक लहान चौकट असायची. सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय आणि तिथी. काही महिन्यांपासून ती दिसत नाही. जागेची अडचण असेल, शिवाय हे सगळं आता मोबाइलवर मिळतं, असंही कोणी म्हणेल. तरीही ती चौकट परत सुरू करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी ३१ वर्षं परिचारिका होते. आठवडा सकाळचा, आठवडा दुपारचा, आठवडा रात्रीचा. कोणी रजेवर गेली की नाइट आणखी लांबायची. नाइट संपवून घरी आले की जाड पडदे ओढून झोपायची. जाग आल्यावर पडद्याच्या फटीतला उजेड सकाळचा की संध्याकाळचा, हे क्षणभर कळायचं नाही. त्या क्षणाची मला भीती वाटायची. चिडचिड, अपचन, सुट्टीच्या दिवशीही डोळ्याला डोळा न लागणं, हे सगळं त्याच्या मागोमाग आलं.

एकदा वॉर्डातल्या एका वयस्कर रुग्णाने विचारलं, "सिस्टर, आज सूर्य किती वाजता मावळेल?" त्यांचा पलंग भिंतीकडे होता, खिडकी दिसत नव्हती, हाताला सलाईन. मगरिबची नमाज त्यांना पडल्या पडल्या अदा करायची होती. कुठल्या पलंगाला कुठलं इंजेक्शन कधी द्यायचं ते मला तोंडपाठ होतं, पण सूर्य कधी मावळतो ते सांगता येईना. टेबलावरचा पेपर उघडला, चौकट सापडली. सहा बेचाळीस. वेळ झाल्यावर त्यांना सांगितलं, त्यांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते आणि मी ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, "बाबा, आज सहा एक्केचाळीस." ते घरी गेले, पण पेपर उघडला की आधी ती चौकट पाहायची सवय मला लागली ती कायमची.

निवृत्तीनंतर मी एक गोष्ट सुरू केली. माझ्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे. कोवळं ऊन आत येतं आणि समोरच्या भिंतीवर त्याचा चौकोन पडतो. त्या चौकोनाच्या कडेला मी पेन्सिलने बारीक रेघ मारते आणि तारीख लिहिते. मार्चमध्ये दोन-तीन दिवसांत रेघ चार बोटं सरकते. डिसेंबरमध्ये ती उजव्या टोकाला जाते आणि मग आठवडाभर जागची जवळजवळ हलत नाही. १९, २०, २१, २२, २३ डिसेंबर या पाच तारखा माझ्या भिंतीवर एकमेकींना चिकटून लिहिलेल्या आहेत. मग एके दिवशी लक्षात येतं की रेघ माघारी निघाली आहे. हे तीन वर्षं पाहतेय, तरी दर वेळी छातीत काहीतरी मोकळं होतं.

आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज नावाची ५,००० वर्षांहून जुनी दगडी समाधी आहे. तिच्या दाराच्या वर झरोका ठेवलेला आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, मोजक्याच सकाळी, उगवत्या सूर्याचा किरण १९ मीटरच्या बोळातून आत जातो आणि सुमारे १७ मिनिटं आतली खोली उजळते. ज्यांनी हे बांधलं त्यांच्या प्रार्थना कुणालाच माहीत नाहीत. पण माझ्या पेन्सिलच्या रेघेशी त्यांचं नातं मला कळतं.

शरीराच्या बाजूने बोलायचं तर मेंदूत सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आपलं आतलं घड्याळ चालवतो. बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, आणि डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड ते रोज जुळवून देतो. या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीची गणना संभाव्य कर्करोगकारकांत केली होती. ते वाचलं तेव्हा माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींचे चेहरे डोळ्यांसमोर आले.

जुन्या लोकांना पेशी माहीत होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना आकाश माहीत होतं. म्हणून उजाडताना आणि मावळताना थांबायचं, हे इतक्या परंपरांत सापडतं. संध्या हा शब्दच सांध्यावरून आला. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी तीन तारे दिसले की संपतो. बौद्धांचा उपोसथ, म्हणजे व्रताचा दिवस, अमावस्या-पौर्णिमेला येतो.

मला सर्वांत पटलेली गोष्ट मात्र आयुर्वेदातली आहे, ऋतुसंधी. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात. या चौदा दिवसांत जुनी दिनचर्या हळूहळू सोडायची आणि नवी हळूहळू धरायची. एकदम बदल केला तर आजार होतात, असं 'अष्टांगहृदय' हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ सांगतो. आम्हाला मात्र रविवारी नाइट संपवून मंगळवारी सकाळी सातला हजर व्हायला सांगत. ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्याने तो श्लोक एकदा तरी वाचायला हवा होता, असं मला आजही कळकळीने वाटतं.

एक स्पष्ट करते. चंद्राच्या नावावर काहीही खपवलं जाऊ नये. पौर्णिमेला वॉर्डात गडबड वाढते असं आम्ही सगळ्या म्हणायचो, पण त्यावरच्या बहुतेक अभ्यासांत तसा संबंध आढळलेला नाही. आणि सूर्योदय पाहतोय म्हणून कुणी चालू औषधाची गोळी बंद करू नये. मला मिळालं ते एवढंच: रात्री साडेदहाला डोळे मिटतात, आणि उठल्यावर बाहेरचा उजेड कोणत्या वेळेचा आहे ते मला कळतं.

मोबाइलवर वेळ मिळते, खरं आहे. पण ती शोधावी लागते, आणि मोबाइल हातात घेतला की माणूस दुसरीकडेच जातो. पेपरातली चौकट न मागता समोर येते. कुठल्याशा वॉर्डात टेबलावर पेपर पडलेला असेल आणि खिडकी न दिसणारं कुणी सिस्टरला सूर्यास्त विचारत असेल. त्या सिस्टरसाठी चार ओळींची जागा द्यावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका