तेलाचा तवंग आम्ही पाहिला आहे

संपादक महोदय,

मी ढिवर, म्हणजे गोड्या पाण्यातली मासळी धरणारा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावाची बोडी, म्हणजे लहान तळं, आमच्या मच्छीमार संस्थेकडं आहे, तिच्यावर आमची घरं चालतात. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला. पण तेल-वायूच्या शोधासाठी समुद्राचे नवनवे पट्टे खुले होतात, आधी मनाई असलेलं सुमारे १० लाख चौरस किलोमीटर क्षेत्रही मोकळं झालं, हे वाचल्यापासून राहवत नाही.

पाच वर्षांपूर्वी पावसाळा सरताना आमच्या सडकेवर टँकर उलटला. डिझेल नाल्यात गेलं, नाल्यातून बोडीत. सकाळी पाण्यावर रंगीत तवंग चमकत होता, लेकरं बघायला धावली. दुपारी झिंगे मरून काठाला लागले. मग रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वर तोंड काढून तडफडू लागली. घराघरातून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, आणली, पाण्यावर पसरली, भिजली की ओढून काढली. तीन दिवस बायामाणसं तेच करत होती, हातांची सालटं निघाली. संस्थेनं सोडलेलं बीज गेलं. पुढच्या उन्हाळ्यातही मासळीला वास येतो म्हणून बाजारातून गिऱ्हाईक माघारी जायचं. आणि हा फक्त एक टँकर होता.

२०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली. तिथली माणसं काठावरचं तेल बादल्यांनी उपसत होती. तो फोटो पाहून बायको म्हणाली, "आपल्या तणशीसारखंच आहे हे." त्याआधी, ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडलं, तेव्हा लोकांनी मासळी घेणं सोडलं. कोळणींचा काय दोष होता? हे तर जहाजांचं इंधन. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाची विहीर फुटली, ११ कामगार गेले आणि तेल थांबवायला ८७ दिवस लागले.

मुंबई हायचं तेल १९७६ पासून देशाला मिळतं, माझ्या भावाच्या ट्रॅक्टरातही डिझेलच जातं. तेल काढूच नका असं मी म्हणत नाही. पण मासळी अंड्यावर येते म्हणून कोकणातला कोळी १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक होडी किनाऱ्याला लावतो. आम्हीही मृगाच्या पाण्यात नाल्यानं वर चढणारी मासळी धरत नाही. हा नेम तेलाच्या विहिरीला का नाही?

ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. तिच्या वाटेवर कुठला पट्टा कुणाला दिला, हे तिला कोण सांगणार? कासवं अंडी घालतात ते वेळास, आंजर्ले, गुहागरचे किनारे आणि मालवणचं सागरी अभयारण्य यांच्या समोरचा समुद्र तेलशोधाच्या नकाशातून कायमचा वगळा. आमच्याकडं दरवर्षी धानाच्या बांध्यांतले सारस पक्षी मोजतात, तसं बाकी ठिकाणीही आधी मासळीची विणीची जागा, डॉल्फिन, कासवं मोजा. कोळीवाड्यात बसून मराठीत विचारा. आणि भरपाईची रक्कम कंपनीकडून काम सुरू होण्याआधीच बँकेत ठेवून घ्या. आमची तणस आणि तीन दिवसांची मजुरी आजही संस्थेच्या वहीत येणे म्हणून लिहिलेली आहे.

– एक ढिवर, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया