राउटरच्या वहीबद्दल आभार

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

आमच्या आणि धाकट्या भावाच्या घरात इंटरनेटचे कनेक्शन एकच असल्यामुळे ज्याने जितका डेटा वापरला त्या प्रमाणात बिल वाटून घ्यावे, असे ठरले होते. परंतु पावसाळ्यात दिवसातून दोन-तीनदा वीज जाणाऱ्या आमच्या गावात दर खेपेस राउटर नव्याने सुरू होई, आकडे शून्यावर येत आणि महिनाअखेरीस फक्त वाद शिल्लक राहत असे. तो आपल्यामुळे मिटला, म्हणून हे जाहीर पत्र.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या त्या राउटरमध्ये बिघाड काहीच नाही, हे आपण पाच मिनिटांत ओळखलेत. कोणी किती डेटा वापरला हे मोजणारा एनएलबीडब्ल्यूमॉन हा प्रोग्राम आपली नोंदवही 'व्हार' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, 'व्हार' प्रत्यक्षात 'टीएमपी' या दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवते आणि 'टीएमपी' असते रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत; त्यामुळे वीज गेली की पाटी कोरी. मी उतावीळपणे म्हणालो, मग दर मिनिटाला फ्लॅशवरच, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीवरच, लिहू द्या. त्यावर आपण शांतपणे विचारलेत, "किती वेळाचा हिशेब बुडाला तर चालेल?" फ्लॅशचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो, हे त्यानंतर समजावलेत. मी एक तास म्हणालो. आपण वहीची जागा फ्लॅशवरच्या 'ईटीसी' फोल्डरखाली हलवलीत, मुळात 24 तासांचा असलेला नोंदीचा अवधी 1 तासावर आणलात, आणि स्वतः राउटर रीबूट करण्याआधी द्यायची 'कमिट'ची (तोवरचे आकडे लगेच वहीत उतरवण्याची) आज्ञा कागदावर लिहून तो कागद राउटरशेजारी भिंतीला चिकटवलात.

कोणत्या उपकरणाला नेटवर्कवरचा कोणता आयपी पत्ता दिला, ती यादीही अशीच जपावी, हा माझा हट्ट मात्र आपण मानला नाहीत, आणि तेच योग्य होते. दोन्ही घरांतल्या उपकरणांना त्यांच्या मॅक पत्त्यांवरून (प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून) कायमचे आयपी नेमून दिल्यावर जपण्यासारखे काही उरलेच नाही. फक्त मोबाइलमधला बदलता मॅक या वायफायपुरता बंद करावा लागला.

एक गंमत आपल्याला कळवायची राहिली होती. या राउटरमध्ये बॅटरीवरचे घड्याळ नाही. सुरू होताना तो 'ईटीसी'मधल्या सर्वांत ताज्या फाइलची वेळ धरतो. पूर्वी त्यामुळे इंटरनेट येईपर्यंत तो महिनोन्महिने मागे असे. आता वही तिथेच असल्याने वीज परत आल्यावर तो वीज जाण्याआधीच्या शेवटच्या तासातली वेळ तरी धरतो.

परवा रात्री पुन्हा वीज गेली. शेवटची नोंद चाळीस मिनिटांपूर्वीची निघाली. ती चाळीस मिनिटे भावाने न बोलता स्वतःच्या खाती मांडली.

आपला नम्र,
वरच्या आळीतला शेजारी